शिबिरात बीपी-शुगर सापडते, पुढे माणूसच सापडत नाही: ऊसतोड आणि फाउंड्री कामगारांसाठी काय करावं?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. हातकणंगले तालुक्यातल्या चार गावांत महिला बचत गट आणि तरुण मंडळं मिळून या गळीत हंगामात तीस वर्षांवरच्या लोकांची बीपी आणि शुगर तपासायचं ठरलंय. गावातली घरं आशाताईंच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांची तितकी काळजी नाही. काळजी आहे ती यादीत नसणाऱ्यांची. एक म्हणजे बीड, जत भागातून आलेली कोयती, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, जी तळावर (मजुरांच्या मुक्कामाच्या जागी) खोपी घालून चार-पाच महिने राहतात. दुसरे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) जाणारे, गावात खोली भाड्यानं घेऊन राहणारे कामगार.

शिबिर घेणं अवघड नाही. मांडव, मशीन, डॉक्टर, सगळं जमतं. पण ज्याची बीपी 170 निघते त्याला "पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) दाखवा" म्हणून चिठ्ठी दिली जाते आणि तो पुढे जातच नाही. जाणकारांना चार गोष्टी विचारायच्या आहेत:

तपासणी कुठे आणि किती वाजता ठेवावी? गोळ्या चालू झाल्यावर मजूर मार्चमध्ये गावी परतला की काय करायचं? फाउंड्री कामगारांचं कार्ड असतं म्हणे, त्याचा उपयोग कसा होतो? आणि काम नीट झालं की नाही हे मोजायचं कशावरून?

करवीर_आरोग्य

चांगला प्रश्न, आणि वेळेवर विचारलात. पहिलं सांगतो: शिबिराची तारीख ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. त्यांना एकच विचारायचं: "आमच्याकडून साठ-सत्तर नवे रुग्ण आले तर बीपीच्या ॲम्लोडिपिन आणि शुगरच्या मेटफॉर्मिनचा तीन महिन्यांचा साठा आहे का?" नसेल तर मागणी त्याच दिवशी जायला हवी. एका माणसाला रोज एक गोळी धरली तर महिन्याला 30. सत्तर जणांना तीन महिन्यांच्या 6,300 गोळ्या झाल्या. औषध नसताना तपासणी केली तर माणूस एकदा येतो, रिकाम्या हातानं जातो आणि पुन्हा तुमच्या दारात उभा राहत नाही. बहुतेक ठिकाणी हेच बिनसतं.

आता वेळ. तोडकरी पहाटे चार-साडेचारला उसाच्या फडात जातो, गाडी भरून कारखान्यावर खाली होईपर्यंत संध्याकाळ होते. सकाळी अकराचं शिबिर त्याच्यासाठी नसतंच. त्या वेळी तळावर म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी सापडतात. संध्याकाळी सात ते नऊ, तळावरच, उजेडाची सोय करून बसा. नाहीतर आठवडी बाजाराचा दिवस धरा. मुकादमाला आधी गाठा, पण यादी मुकादमाकडून घेऊ नका. स्वतः खोपी-खोपी फिरून कोयता मोजा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या वहीत पुरुषाचं नाव असतं आणि बाईची तपासणी राहून जाते.

नोंद कागदाच्या वहीतच करा, मोबाइलमधली नंतर. रकाने एवढेच हवेत: नाव, वय, मूळ गाव-तालुका, स्वतःचा फोन, गावाकडच्या एका नातेवाइकाचा फोन, आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, 14 आकडी), बीपीचे दोन आकडे, शुगर, दिलेलं औषध, पुढची तारीख. दुसरा फोन नंबर सर्वात मोलाचा. मजुराचं सिम हंगामात दोनदा बदलतं, त्याच्या भावाचं बदलत नाही.

आणि "पीएचसीला दाखवा" ही चिठ्ठी बंद करा. त्या चिठ्ठीची किंमत एका दिवसाची मजुरी आहे; शिवाय कोयता जोडीनं चालतो, एक गेला की दुसऱ्याचंही काम बसतं. त्यापेक्षा महिन्यातून एक संध्याकाळ समुदाय आरोग्य अधिकारी औषधांसह तळावर येतील असं लेखी ठरवून घ्या. पहिली गोळी डॉक्टरांनी लिहायची, पुढचं वाटप आणि मोजणी तळावर.

नर्सताई_गडहिंग्लज

करवीर_आरोग्य यांनी साठ्याचं सांगितलं, मी मोजणीचं सांगते. चुकीच्या मोजणीनं निरोगी माणसाला आयुष्यभराची गोळी लागते आणि आजारी माणूस सुटतो.

बीपीसाठी दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. मोळ्या वाहून आलेल्या माणसाची बीपी लगेच घेऊ नका. पाच मिनिटं पाठीला टेका देऊन खुर्चीत बसवा, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक चढवलेले नकोत. हात टेबलावर, काखेत ताण न येता, पट्टा छातीच्या पातळीत. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिशेरी झालेली नसावी, लघवीला लागलेली नसावी. मोजताना बोलायचं नाही, तुम्हीही नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजून सरासरी लिहा. तळावर खुर्ची नसते आणि माणूस उकिडवा बसतो. चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबल सोबत न्याच.

पट्ट्याचं माप बघा. दंडाचा घेर 22 ते 32 सेंटिमीटर असेल तर नेहमीचा पट्टा, त्याहून जाड दंडाला मोठा. जाड दंडावर लहान पट्टा ताणून बांधला की आकडा खोटा वाढतो. बारीक दंडाच्या बायकांना मोठा पट्टा लावला की आकडा खोटा कमी येतो. तोडकऱ्यांत हा दुसरा प्रकार जास्त, म्हणून लहान पट्टाही ठेवा.

140/90 किंवा वर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि मग डॉक्टरांकडे. 180/110 किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखतंय, धाप लागलीय, तोंड वाकडं झालंय, हातापायातली ताकद गेलीय, असं काही सोबत असेल तर 108, वाट बघायची नाही.

शुगरबद्दल आपल्या भागाची एक खास अडचण. ऊस तोडणाऱ्याच्या आणि गुऱ्हाळावर काम करणाऱ्याच्या बोटाला रस, काकवी, गूळ लागलेला असतो. तसंच बोट टोचलं तर मशीन 300 सुद्धा दाखवेल. स्पिरिटचा बोळा फिरवून ती साखर जात नाही. साबण-पाण्यानं हात धुवायचा आणि पूर्ण कोरडा करायचा. ओलं बोट असेल तर रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो. घट्टे पडलेल्या बोटाच्या मधोमध सुई जात नाही, बाजूला टोचा, सुईची खोली वाढवा. शुगर मोजायच्या पट्ट्यांची डबी लगेच झाका. उघडी डबी दमट हवेत राहिली की पट्ट्या बिघडतात.

जेवणाची वेळ न बघता घेतलेली शुगर 140 च्या वर आली तर ती फक्त "पुढे तपासा" अशी खूण. मधुमेह ठरवायला उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, नाहीतर एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 6.5 किंवा जास्त लागतं. एका आकड्यावर कुणाला "तुला शुगर आहे" असं सांगून घाबरवू नका.

औषधवाला_कोल्हापूर

गोळ्यांबद्दल. कुठली आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. पण खाली कामावर असलेल्या माणसांनी काय लक्षात ठेवायचं ते लिहितो.

बीपीला बहुधा ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमनं सुरुवात होते. महिन्यानं मोजून 140/90 च्या खाली आलं नसेल तर डॉक्टर टेल्मिसार्टन 40 जोडतात. इथे दोन गोष्टी. ॲम्लोडिपिननं काहींच्या घोट्याला सूज येते. मजूर ते सांगत नाही, गोळी बंद करतो. म्हणून प्रत्येक भेटीत पाय बघा. आणि टेल्मिसार्टन गरोदरपणात अजिबात चालत नाही, म्हणून तरुण बाईला पाळीची तारीख विचारल्याशिवाय ती गोळी जाऊ नये.

मधुमेहाला मेटफॉर्मिन एकटी असेल तर शुगर एकदम खाली जाण्याची भीती फार कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन असेल तर मात्र पहाटे चारला रिकाम्या पोटी फडात गेलेला माणूस दहा वाजता घामाघूम होऊन, हात थरथरत खाली बसू शकतो. अशा प्रत्येकाला सांगायचं: गोळी भाकरीच्या वेळेला, भाकरी नाही तर गोळी नाही, आणि खिशात गुळाचा खडा. फडातल्या बाकीच्यांनाही हे माहीत हवं, कारण लांबून बघणाऱ्याला तो दारू प्यालेला वाटतो.

आता ज्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही ते. तोडकरी आणि हमाल अंगदुखीला रोज डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतात. ती बीपी वाढवते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. उन्हात घाम गाळून शरीरात पाणी कमी, त्यात टेल्मिसार्टन, त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर डायक्लोफिनॅक, असं एकत्र झालं की मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. तपासणीच्या वहीत "दुखण्याची गोळी रोज घेता का?" हा रकाना घाला. दुखण्यावर पॅरासिटामॉल त्यापेक्षा बरं. जुलाब-उलट्या लागल्या तर बीपीच्या आणि मेटफॉर्मिन गोळ्यांबद्दल लगेच फोन करून विचारायला सांगा.

मार्चमधल्या परतीचं: फेब्रुवारीच्या शेवटच्या भेटीतच 60 ते 90 दिवसांच्या गोळ्या एकदम द्यायची विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे करा. पट्टा पडायची, म्हणजे कारखाना बंद व्हायची, तारीख एकदम जाहीर होते आणि दोन दिवसांत तळ रिकामा होतो. त्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही.

पंचगंगाकाठ

फार उपयोगाचं लिहिलंत, आभारी आहे. दोन शंका. तळावरच्या बायका तपासणीला येतात पण बीपीपेक्षा "अंगावरून जातं", "कंबर मोडते", "पिशवी काढायला सांगितलीय" हेच बोलतात. त्याचं काय करायचं? आणि कुणाला मोठ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर खर्च कोणत्या योजनेतून होतो? लोक सगळीकडे "कार्ड चालतं का" एवढंच विचारतात.

नर्सताई_गडहिंग्लज

त्या जे बोलतात तिथूनच सुरुवात करा, बीपी नंतर घ्या. हा विषय मोठा आहे. 2019 साली राज्यानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं या बऱ्याचदा जंतुसंसर्गाच्या तक्रारी असतात आणि त्या गोळ्यांनी बऱ्या होतात. तळावर संडास नाही, पाणी लांब, पाळीतही मोळी उचलावी लागते, खाडा केला तर पैसे कापले जातात. मग "एकदाची काढून टाका" हा सल्ला बाईला सुटकेसारखा वाटतो. पिशवीसोबत अंडाशयही काढलं तर कमी वयात हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून ज्या बाईला ऑपरेशन सांगितलंय तिला आधी सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा, सोबत आपली एक बाई द्या, सोनोग्राफीचा कागद मागून घ्या.

तळावर बायकांसाठी आडोसा आणि बाई तपासनीस हवीच. हिमोग्लोबिन बघा. 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 8 च्या खाली म्हणजे दवाखाना. मधल्या बायकांना लोहाच्या गोळ्या, डॉक्टरांच्या सल्ल्यानं दिवसाला दोन, तीन महिने. चहासोबत घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या म्हणावं. शौच काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी गोळ्या चुलीत. तीस वर्षांवरच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची असते. ती आरोग्य केंद्रातच करावी, उघड्या तळावर नाही. मिशेरी लावणाऱ्यांचं तोंड मात्र तिथेच टॉर्च लावून बघता येतं. पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड तीन बोटं न उघडणं, पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल तर पाठवा.

कागदपत्र_मदत

"कार्ड चालतं का" याचं उत्तर दवाखान्यावर आणि आजारावर ठरतं. तीन गोष्टी वेगळ्या ठेवा.

आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची. तिथे 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत, कुठलंही कार्ड लागत नाही. कोल्हापूरचं सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडचं. तो मोफतचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा होता, म्हणून सीपीआरला तो धरून चालू नका. लोक "सरकारी म्हणजे फुकट" समजून जातात आणि खिडकीवर पैसे मागितले की परत फिरतात. थोडे पैसे जवळ ठेवा आणि आधी विचारा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना ही भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे: अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कर्करोग, मोठी ऑपरेशनं. बीपीच्या रोजच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. ती राज्यभर चालते, त्यामुळे बीडच्या रेशनकार्डावर कोल्हापुरातल्या यादीतल्या दवाखान्यात उपचार होतात. त्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, पैसे भरण्याआधी तिथे जायचं. एकदा रोख भरून पावती घेतली की योजनेत आणताना फार त्रास होतो. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसणं ही नेहमीची खोट: लग्नानंतरचं नाव, आडनावाचं स्पेलिंग. तपासणीच्याच संध्याकाळी सर्वांच्या रेशनकार्डाचा आणि आधारचा मोबाइलवर फोटो काढायला लावा, कारण मूळ कागद गावाकडे पेटीत असतात. योजनेची चौकशी 155388 वर होते.

तिसरं फाउंड्रीचं, त्यावर दुसरं कुणी लिहील तर बरं.

मोल्डिंगशॉप

लिहितो. ज्याला तुम्ही कार्ड म्हणता ती राज्य कामगार विमा योजना. कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर विमा लागू. पगारातून 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो. ठेकेदाराकडचा कामगारही यात येतो, जबाबदारी मूळ कारखान्याची. इथेच गफलत होते: पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते, पण कामगाराला आपला दहा आकडी विमा क्रमांकच माहीत नसतो. चिठ्ठी मागा, क्रमांक उतरवून घ्या, आधार जोडून कार्ड छापून घ्या. बायको-मुलांची नावं घातली नसतील तर घाला, त्यांनाही उपचार मिळतात. या योजनेच्या दवाखान्यातून बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या मिळतात, म्हणून फाउंड्रीवाल्यांसाठी हा रस्ता सर्वात सोपा.

आजारपणाच्या सुट्टीत पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते. अट अशी की आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ठेकेदार दर काही महिन्यांनी नाव बदलून नवीन क्रमांक काढतात, त्यामुळे दिवस तुटतात आणि हक्क जातो. जुनाच क्रमांक पुढे चालवा म्हणून हट्ट धरायचा.

आणि फाउंड्रीत बीपी-शुगरवर थांबू नका. शेकआउट, फेटलिंग, ग्राइंडिंगवाल्यांना (साच्यातून ओतीव काढणारे, ते साफ करणारे आणि घासणारे) वाळूच्या बारीक धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. तो बरा होत नाही, पण लवकर कळला तर धुळीपासून लांब करता येतं. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही, एन-95 लागतो. शिफ्ट संपल्यावर कपडे एअर गननं झटकतात, तेव्हा अंगावरची सगळी धूळ नाकासमोर उडते. ते बंद करा, झाडण्याआधी पाणी शिंपडा. सिलिकोसिस असलेल्याला टीबी लवकर धरतो. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासा. टीबी निघाला तर निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिना 1,000 रुपये खात्यावर येतात. 500 चे 1,000 नोव्हेंबर 2024 पासून झालेत. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर ते अडकतात.

वेळेबद्दल: शिफ्ट बदलायच्या अर्धा तास आधी गेटजवळ बसलात तर येणारे-जाणारे दोन्ही मिळतात. भट्टीसमोरून आलेल्याला आधी पाणी पाजा, सावलीत बसवा, मग मोजा. रात्रपाळीवाले विचारतात गोळी कधी घ्यायची. शिफ्ट बदलली तरी घड्याळातली एकच वेळ धरा.

करवीर_आरोग्य

राहिला मोजायचा प्रश्न. "किती जणांना तपासलं" हा आकडा फलकावर लिहायला बरा, त्यावरून काम कळत नाही. दर तीन महिन्यांनी नोंदलेल्या रुग्णांचे तीन गट करा: शेवटची बीपी 140/90 च्या खाली असलेले, वर असलेले आणि आलेच नाहीत ते.

समजा 120 जण नोंदले. 48 जणांची बीपी आटोक्यात, 30 जणांची वर, 42 गायब. बरेच जण 48 ला 78 नं भागतात आणि 62 टक्के यश लिहितात. खरा आकडा 48 भागिले 120, म्हणजे 40 टक्के. त्या 42 मध्येच तळावरची माणसं असतात. म्हणून हाच हिशोब गाववाले, तोडकरी, भाडेकरू कामगार असा वेगळा मांडा. गाववाल्यांत 60 टक्के आणि तोडकऱ्यांत 15 निघाले तर पुढच्या महिन्याची माणसं, गाडी, गोळ्या तळाकडे वळवा, तिसरं शिबिर चावडीत घेऊ नका.

तारीख चुकवलेल्याला तिसऱ्या दिवशी फोन, आठव्या दिवशी नातेवाइकाला फोन, पंधराव्या दिवशी प्रत्यक्ष खोपीत. "का आला नाहीस" असं विचारू नका, "कशामुळे जमलं नाही" विचारा आणि कारण वहीत लिहा. पंधरा-वीस कारणं झाली की वेळ चुकतेय, औषध संपतंय की मुकादम सोडत नाही, ते आपोआप दिसतं.

परतीच्या वेळी प्रत्येकाच्या हातात मराठीत एक जाड कार्ड द्या: नाव, आजार, गोळीचं नाव आणि ताकद, शेवटचे दोन बीपी आकडे तारखेसह, त्याच्या मूळ गावच्या आरोग्य केंद्राचं नाव, आणि आपल्या उपकेंद्राचा फोन. प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाताना कागद भिजतो. त्याच आठवड्यात तिकडच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला नावांची यादी फोननं कळवा.

पंचगंगाकाठ

कळलं. सोमवारी आरोग्य केंद्रात जाऊन आधी गोळ्यांच्या साठ्याचं विचारतो, मांडवाचं नंतर. लहान पट्टा आणि खुर्च्यांची सोय बचत गट करतोय. वहीचे रकाने आखले की इथे टाकतो, "दुखण्याची गोळी" धरून. काही राहिलं असेल तर सांगा.

नर्सताई_गडहिंग्लज

बॅटरी. सेल उतरले की मशीन दगा देतं, आणि रात्री तळावर दुकान नसतं. दोन जोड्या जास्तीच्या ठेवा. आणि हात धुवायला पाण्याचा कॅन, साबण, कोरडे पंचे.